फाटलेला आवाज आणि कमीजास्त आवाज

संपादक महोदय,

लग्नसराई सरली की मोबाइलवर टिपलेले तुकडे जोडून घरच्या घरी लग्नाची चित्रफीत तयार करणे आता सर्रास चालते. चित्र जमते, घोडे अडते ते आवाजापाशी. त्यावर जो तो सल्ला देतो, ‘व्हॉल्यूम कमी करून बघा.’ याचा बहुधा काहीच उपयोग होत नाही, कारण दोन निराळ्या दुखण्यांना एकच औषध दिले जाते. आवाज फाटणे हे एक दुखणे, कमीजास्त होणे हे दुसरे.

मंगलाष्टकांचेच घ्या. मावशी माइक ओठांना लावून गातात, पुढचे कडवे म्हणणारी करवली तोच माइक हातभर लांब धरते. माइकपासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. ५ सेंटिमीटरचे ४० झाले म्हणजे अंतर तीनदा दुप्पट झाले, १८ डेसिबलचा खड्डा पडला. तरी करवलीचा सूर शाबूत असतो, तो फक्त वर उचलायचा असतो. शेवटच्या ‘सावधान’ला टाळ्या आणि वाजंत्री एकदम उसळतात, तिथली गोष्ट वेगळी. डिजिटल ध्वनिमुद्रणाला ० डेसिबल हे छत असते, बाकीच्या पातळ्या त्याच्या खाली उणे आकड्यांत मोजतात. १६ बिटच्या फाइलमध्ये ३२,७६७ च्या वरचा आकडाच लिहिता येत नाही. लहर त्याहून उंच गेली की तिचे टोक सपाट छाटले जाते. मागाहून व्हॉल्यूम उतरवला, तर तीच छाटलेली लहर लहान होते. टोक परत येत नाही.

ओळखायचे कसे? ऑडॅसिटी हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर घ्यावे. (व्हिडिओ फाइल थेट उघडायची तर त्याला एफएफएमपेग या दुसऱ्या सॉफ्टवेअरची जोड लागते.) व्ह्यू मेनूत शो क्लिपिंग सुरू केले की संशयाच्या जागी लाल रेघा उमटतात. तिथे नमुन्यांचे, म्हणजे लहरीच्या क्षणाक्षणाला नोंदलेल्या उंचीचे, सुटे ठिपके दिसेपर्यंत झूम करावे. धडधाकट लहरीच्या माथ्यावर ठिपके कमानीसारखे बसतात. छाटलेल्या लहरीत पाच, दहा, वीस ठिपके छताला टेकून एका ओळीत उभे असतात.

यात दोन चकवे आहेत. पहिला असा की मूळ तुकडा चांगलाच असतो, फाटतो तो संकलनात. बोलण्याखाली सनईचा ट्रॅक तितक्याच पातळीवर ठेवला, तर दोन्हींची बेरीज ६ डेसिबलपर्यंत वर जाते आणि एकूण पातळी दाखवणारा मास्टर मीटर तांबडा होतो. इथे दुरुस्ती काहीच नको. सनई बोलण्यापेक्षा १५ ते १८ डेसिबल खाली घ्यावी आणि फाइल नव्याने काढावी. दुसरा चकवा जास्त वाईट. मीटर छताच्या १० डेसिबल खालीच असतो, लाल रेघ एकही नसते, तरी आवाज चिरका येतो. ढोल-ताशा जवळून वाजला की मोबाइलचा माइकच आधी हात टेकतो. पुढे पातळी कमी नोंदली गेली तरी लहर बिघडलेलीच आत आलेली असते. छाटलेली टोके सांधणाऱ्या क्लिप फिक्स या इफेक्टला ती सापडतही नाही.

क्लिप फिक्स हे ऑडॅसिटीच्या इफेक्ट मेनूत, नॉइज रिमूव्हल अँड रिपेअर या गटात मिळते. थ्रेशोल्ड (किती उंचीपासून लहर छाटलेली समजायची ते) ९५ टक्के आणि पातळी उतरवण्यासाठी उणे ९ डेसिबल ही आधीपासून भरलेली मूल्ये बहुतेकदा पुरतात. नवी टोके वर वाढणार, म्हणून आधी ९ डेसिबलची जागा करून घेतली जाते. पूर्ण तासाची फाइल निवडू नये. फाटलेली जागा आणि आजूबाजूचा सेकंदभर भाग पुरे, मात्र उतरलेला तुकडा नंतर शेजारच्या पातळीला आणून ठेवावा. हे सॉफ्टवेअर हरवलेले टोक अंदाजाने रेखाटते. टाळीचा एखादा फटका त्यात निभावतो, सलग वाजणारा ताशा निभावत नाही. अशा वेळी लांब बसलेल्या एखाद्या पाहुण्याच्या मोबाइलमधला आवाज मागवून तो चित्राखाली बसवणे हाच शहाणपणा. जुळवणीसाठी टाळीचे टोक धरावे. दोन मोबाइलची घड्याळे तंतोतंत सारखी चालत नाहीत, म्हणून दर १०-१५ मिनिटांनी कापून पुन्हा जुळवावे. आणि फाइल व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून न मागवता डॉक्युमेंट म्हणून मागवावी, नाहीतर आधीच दाबलेला माल हाती येतो.

आता कमीजास्तपणा. इथे सगळे नॉर्मलाइझ, म्हणजे सगळा आवाज ठरावीक पातळीला नेणारे बटण, दाबतात आणि फसतात. पीक नॉर्मलाइझ सर्वांत उंच टोक पाहते. एक टाळी छताला लागलेली असेल तर सगळे बोलणे होते तिथेच राहते. आधी हातानेच काम करावे. प्रत्येक कडवे वेगळे कापून त्याचा गेन, म्हणजे आवाजाची चढ-उतार, जुळवावा. खरखर काढायची तर ती याच्याही आधी, मूळ रेकॉर्डिंगवर. गेन वा कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून लहानाच्या जवळ आणणारा इफेक्ट) मागाहून तीही वर ओढतात. खरखर काढणाऱ्या इफेक्टला कुणी बोलत नाही असा सेकंदभराचा तुकडा खरखरीचा मासला म्हणून द्यावा आणि ६ ते १२ डेसिबलवर थांबावे. हाव धरली की माणसे पाण्याखालून बोलल्यासारखी ऐकू येतात. मग ८० हर्ट्झचा हाय-पास (त्याहून खालचे स्वर गाळणारी चाळणी), म्हणजे वाऱ्याची आणि हाताळणीची घरघर जाते. त्यानंतर कॉम्प्रेसर: थ्रेशोल्ड (जिथून दाबणे सुरू होते ती पातळी) उणे १८ ते २० डेसिबल, रेशो (दाबण्याचे प्रमाण) ३ ला १, अटॅक (दाब धरायचा वेळ) १० मिलिसेकंद, रिलीज (दाब सोडायचा वेळ) २०० मिलिसेकंदांच्या आसपास. रिलीज फार कमी ठेवला तर दोन शब्दांच्या मधे पंख्याचा आवाज उसळी घेतो. शेवटी लिमिटर, म्हणजे ठरलेल्या पातळीवर आवाज जाऊ न देणारा इफेक्ट, उणे १ डेसिबलवर.

एकूण पातळी लाउडनेस नॉर्मलायझेशनने, एलयूएफएस या, कानाला आवाज किती मोठा वाटतो ते सांगणाऱ्या मापात ठरवावी. यूट्यूब उणे १४ पेक्षा मोठा आवाज स्वतः उतरवते, पण त्याहून लहान असेल तर वर चढवत नाही. म्हणून उणे १६ ते १४ ठेवावे.

दुरुस्त आवाज चित्राला परत जोडताना वेव्ह फाइल आणि ४८,००० हर्ट्झ, हे ठरलेले. एमपी३ सुरुवातीला शांततेची बारीकशी फट सोडते. ती ओठांच्या हालचालीत जाणवू शकते.

एक तपासणी मात्र कुणीच करत नाही. कार्यालयातल्या मिक्सरची बॅलन्स्ड लाइन (एकच आवाज एका तारेवरून सुलट आणि दुसरीवरून उलटा नेणारी) साध्या वायरने कॅमेऱ्याच्या स्टिरिओ जॅकमध्ये घातलेली असेल, तर एकच आवाज एका बाजूला सुलट आणि दुसऱ्या बाजूला उलटा नोंदला जातो. हेडफोनवर तो जरा विचित्र वाटतो इतकेच. एकाच स्पीकरच्या मोबाइलवर दोन्ही बाजूंची बेरीज होते, त्या एकमेकींना खोडतात आणि गुरुजींचा आवाज नाहीसा होतो. उजवी बाजू काढून टाकावी आणि डावीच दोन्हीकडे द्यावी, पाच मिनिटांचे काम आहे.

– एक ध्वनिसंकलक, सांगली