खिसेवाले पट्टे फॅड नाहीत, मापं छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत मध्यंतरी खिसेवाल्या पट्ट्यांवर 'ऍक्सेसरी' म्हणून एक पान आलं होतं, म्हणजे कमरेला, दंडाला, मांडीला बांधायचे ते इलॅस्टिकचे बँड ज्यात फोन, किल्ल्या, कार्डं, पासपोर्ट, औषधं असं सगळं राहतं. फोटो छान होते, कुठला रंग कशावर जातो तेही होतं, पण हे पट्टे घेतं कोण, का घेतं आणि घेताना बघायचं काय यावर अख्ख्या पानात एक ओळ नाही. म्हणून हे पत्र. जरा लांबेल, कापायचं असेल तर कापा पण औषधांचा आणि मापांचा भाग तेवढा ठेवा प्लीज.

पहिलं म्हणजे ज्यांच्या कपड्यांना धड खिसे असतात त्यांनाच ही वस्तू शोभेची वाटते. २०१८ साली 'द पुडिंग' या साइटवाल्यांनी २० ब्रँडच्या जीन्स घेऊन खिसे प्रत्यक्ष मोजले होते, तर बायकांच्या जीन्सचा पुढचा खिसा पुरुषांच्या खिशापेक्षा सरासरी ४८ टक्के आखूड आणि ६.५ टक्के अरुंद निघाला, म्हणजे जवळपास अर्धाच, त्यात आजचा फोन बसणार कुठे. ड्रेस, स्कर्ट, लेगिंग्जना तर बहुतेक वेळा खिसाच नसतो, मग एक हात कायम पर्सला नाहीतर फोनला अडकलेला, आणि त्या अडकलेल्या हाताने मूल धरायचं, जिना चढायचा, सामान उचलायचं. हे रोजचं आहे, सीझनपुरतं नाही.

आणि नवीन तर अजिबातच नाही. १९९१ मध्ये आल्प्सच्या बर्फात जो पाच हजार वर्षांपूर्वीचा माणूस सापडला, ओट्झी म्हणतात त्याला, त्याच्या कमरेच्या चामडी पट्ट्यालाच शिवलेली छोटी पिशवी होती, आत गारगोटीची हत्यारं, हाडाची टोचणी आणि आग पेटवायला लागणारी वाळकी बुरशी. म्हणजे हातात कायम लागणारं सामान त्याने अंगावर ठेवलं होतं. युरोपात सतराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत बायकांचे खिसे कपड्याला शिवलेले नसायचेच, नाडीवर ओवलेले वेगळे खिसे कमरेला बांधून वरून घागरा घालायचा आणि घागऱ्याच्या फटीतून हात आत, चांगले कोपरापर्यंत हात जाईल एवढे मोठे खिसे असायचे. अठराव्या शतकाच्या शेवटी अंगासरसे झगे आले आणि त्या खिशांची जागा गेली, हातात धरायच्या चिमुकल्या बटव्यासारख्या पिशव्या आल्या. मला याचा खरंच राग येतो, दोनशे वर्षं झाली तरी कपडा सडपातळ दिसावा म्हणून खिसा काढायचा हे चालूच आहे.

आता मूळ मुद्द्यावर येते. माझ्या धाकट्या बहिणीला टाइप १ डायबेटिस आहे, तिला इन्सुलिन पंप लागतो. हाताच्या तळव्यात मावेल एवढं मशीन, त्याला बारीक नळी, नळीचं टोक कातडीखाली, आणि हे झोपेतसुद्धा चालूच, अंघोळीला किंवा पोहायला जरा वेळ काढलं तर काढलं. खिसा नसलेल्या कपड्यात ते अडकवायचं कुठे? ड्रेसला क्लिप लावली तर गळा एका बाजूला ओढला जातो, नळी दाराच्या कडीत अडकली की कातडीखालचं टोक ओढलं जातं आणि ते दुखतं. तिला मांडीच्या बँडचा आणि रात्री पोटावरच्या मऊ पट्ट्याचा जो आधार आहे तो मी रोज बघते, म्हणून ऍक्सेसरी हा शब्द वाचून मला वाईट वाटलं.

पण इथेच एक गोष्ट जाहिरातवाले सांगत नाहीत. 'औषधं ठेवायला उत्तम' असं सरसकट लिहितात आणि औषधांना उष्णता चालत नाही. वापरात असलेलं इन्सुलिनचं पेन, म्हणजे पेनासारखं इंजेक्शन, साधारण ३० अंश सेल्सिअसच्या खाली ठेवायचं असतं, बरीचशी पेनं उघडल्यावर २८ दिवस चालतात ती याच अटीवर, आणि कपड्याच्या आत कातडीचं तापमान ३२ ते ३४ अंश सहज असतं. म्हणजे पेन अंगाला घट्ट चिकटवून दिवसभर आतल्या बाजूला ठेवलं तर ते मर्यादेच्या वरच गेलं. पंपाचं वेगळं, त्यातलं इन्सुलिन दोन-तीन दिवसांत संपतं किंवा बदलतात. पेन ठेवायचं तर पट्टा कपड्याच्या वरून बांधायचा, खिसा बाहेरच्या बाजूला हवा, मधे जाड कापडाचा थर हवा. जीवघेण्या ऍलर्जीसाठी ऍड्रेनलिनचं जे इंजेक्शन सोबत ठेवतात त्याचंही तेच, २० ते २५ अंशात ठेवा, थोडा वेळ १५ ते ३० चालेल असं त्यावर असतं. हे इंजेक्शन आणि दम्याचा पंप सोबत असणं हाच तर त्यांचा उपयोग, घरच्या कपाटात राहिलं तर काय फायदा, शाळकरी मुलं तर बॅग कोपऱ्यात टाकून मैदानात पळतात आणि औषध बॅगेत राहतं, म्हणून कमरेचा पट्टा मुलांसाठी फारच कामाचा. फक्त कपड्याच्या वरून बांधा आणि मूल स्वतः चेन उघडू शकतं का ते घरी करून बघा. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायच्या नायट्रोग्लिसरीनच्या गोळ्या मात्र मूळ काचेच्या बाटलीतच ठेवायच्या असतात आणि अंगाच्या उबेपासून लांब, त्या पट्ट्याच्या खिशात सुट्या टाकून फिरणारे लोक मी पाहिलेत. असं करू नका, औषध देणाऱ्या फार्मासिस्टला एकदा विचारा.

पेसमेकर किंवा छातीत बसवलेलं तसलं यंत्र असेल तर आणखी एक. नव्या फोनांमध्ये आणि स्मार्टवॉचमध्ये ताकदीचे मॅग्नेट असतात, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२१ मध्ये सांगितलंय की असा फोन या यंत्रापासून सहा इंच, म्हणजे साधारण १५ सेंटिमीटर लांब ठेवा. म्हणजे गळ्यातलं पाऊच, छातीवरचा पट्टा, ब्राला अडकवायचा खिसा हे सगळं या लोकांसाठी बाद, कमरेचा पट्टा ठीक. हे पट्ट्याच्या पाकिटावर छापलेलं मी अजून पाहिलं नाही.

पळणाऱ्यांचं थोडं सांगते कारण खरेदी जास्त तेच करतात. पहिला आयफोन २००७ ला आला तेव्हा १३५ ग्रॅमचा होता, दंडाला बांधला तरी जाणवायचा नाही. आताचे मोठ्या स्क्रीनचे फोन २०० ग्रॅमच्या पुढे गेलेत आणि हात तर पळताना सारखा पुढेमागे हलतो, मग ते वजनही प्रत्येक पावलाला हलतं, बँड घसरतो, माणूस तो आणखी आवळतो, हाताला मुंग्या येतात. कमरेजवळ शरीर त्यामानाने कमी हलतं, म्हणून तिथे तोच फोन हलका वाटतो. पट्टा बेंबीवर न बांधता खाली कमरेच्या हाडांवर टेकवायचा, पोट श्वासाबरोबर वरखाली होतं, हाड होत नाही. हाडांवर टेकवा म्हणाले तरी आवळू मात्र नका, मांडीच्या बाहेरच्या बाजूला जाणारी एक नस तिथूनच, जांघेच्या बाजूने जाते, फार घट्ट पट्ट्याने ती दाबली की मांडी बधिर होते, जळजळते. डॉक्टर लोक याला मेराल्जिया पॅरेस्थेटिका म्हणतात आणि घट्ट बेल्ट हे त्याचं माहीत असलेलं कारण आहे. पट्टा काढल्यावर बधिरपणा जात नसेल तर दाखवून या.

फोन, किल्ल्यांचा जुडगा असं कडक काही पाठीच्या मणक्यावर नको, सायकलवर किंवा बर्फात पडलात तर नेमकं तेच हाडात घुसतं, बाजूला सरकवून ठेवा. घामाचं पण बघायला पाहिजे. वॉटरप्रूफ म्हणून जे आकडे फोनच्या डब्यावर असतात ती चाचणी साध्या पाण्यातली, घामात मीठ असतं आणि चार्जिंगची जागा ओली असताना केबल लावायची नाही हे लोक विसरतात. पट्ट्याच्या खिशाला अंगाच्या बाजूने पाणी न झिरपणारा थर आहे का ते बघा, नसेल तर साधी झिपची प्लास्टिक पिशवी चालते. आणि ओल्या पातळ कापडातून टचस्क्रीनला बोट लागल्यासारखं वाटतं, बटणं दाबली जातात, बऱ्याच अँड्रॉइड फोनांत पॉवरचं बटण पाच वेळा दाबलं की इमर्जन्सी कॉल जाण्याची सोय असते, तेव्हा सेटिंगमध्ये एकदा बघून ठेवा.

ज्यांना हे पट्टे सगळ्यात जास्त लागतात त्यांचा विचार तर सगळ्यात कमी होतो. कुबड्या किंवा वॉकर घेऊन चालणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले, त्याला हातात काहीच धरता येत नाही. अर्धांगवायू झालेल्या माणसाला एकाच हाताने पट्टा लावायचा असतो आणि बकल मागे दिलंय! पुढे मोठी क्लिप, चेनला बोट अडकेल एवढी नाडी, बास, एवढ्याने काम होतं, खर्च काय वाढणार त्यात. व्हीलचेअरवर बसणाऱ्यांनी मात्र मागच्या किंवा बुडाखालच्या खिशात काही ठेवू नये, जिथे संवेदना कमी असते तिथे कडक वस्तू रुतलेली कळत नाही आणि जखम होते. निओप्रीनच्या, म्हणजे कृत्रिम रबराच्या पट्ट्याने काही जणांना लाल चट्टे येतात, त्या रबरात वापरलेल्या रसायनांची ऍलर्जी असते ती, घामाची पुरळ समजून महिनोन्महिने पावडर मारत बसू नका, कापडाचा पट्टा वापरून फरक पडतो का बघा.

प्रवासासाठी घेणाऱ्यांना आरएफआयडी ब्लॉकिंगच्या, म्हणजे खिशातलं कार्ड कोणी बाहेरून चोरून वाचू नये म्हणून लावलेल्या थराच्या नावाखाली जास्त पैसे लावतात. टॅप करून चालणारं कार्ड काही सेंटिमीटरवरूनच वाचलं जातं आणि दर व्यवहाराला नवा कोड तयार होतो, मला तरी त्या थरापेक्षा चेन आणि शिवण चांगली असणं महत्त्वाचं वाटतं. मॅग्नेटने बंद होणारा खिसा मात्र टाळा, हॉटेलच्या काळ्या पट्टीच्या की-कार्डातली माहिती त्याने पुसली जाऊ शकते. कपड्याच्या आत बांधायच्या पट्ट्यात पासपोर्ट आणि राखीव पैसे एवढंच ठेवा, दिवसाचा खर्च दुसरीकडे, कारण गर्दीत शर्ट वर करून पट्टा उघडलात की लपवण्यात अर्थ उरत नाही. विमानतळावर स्कॅनरला जायच्या आधी पट्टा काढून ट्रेमध्ये टाका, अंगावर ठेवलात तर बाजूला घेऊन तपासतातच.

आता मापं. पासपोर्ट जगभर १२५ बाय ८८ मिलिमीटरचा असतो, बँकेचं कार्ड ८५.६ बाय ५४. हे ठरलेले आकडे आहेत, तरी पट्ट्याच्या पाकिटावर लिहितात काय तर 'सर्व फोन बसतात' आणि 'फ्री साइज'. फ्री साइज कोणाच्या कमरेला? बारीक मुलीला ढिला होऊन घसरतो, जाड माणसाच्या पोटाला दोन वळ्या पडतात, गरोदर बाईला तर चार महिन्यांत चार मापं लागतात, आणि सर्जरी झालेल्या माणसाला टाक्यांच्या वर किंवा खाली बांधायचा असतो. माझी मागणी साधी आहे, बनवणाऱ्यांनी तीन आकडे छापावेत, पट्टा न ताणता केवढा, सहज ताणून केवढा, आणि खिसा आतून लांबी-रुंदीला केवढा. स्पॅन्डेक्सचा, म्हणजे अशा इलॅस्टिक कापडातला ताणणारा धागा १९५८ पासून आहे, तो कितीपट ताणतो हे बनवणाऱ्याला चांगलं ठाऊक असतं, ते गिऱ्हाइकाला का सांगत नाहीत कळत नाही. धुण्याचंही लिहावं, ब्लीच आणि स्विमिंग पूलच्या क्लोरीनने हा धागा मरतो, ड्रायरच्या उष्णतेनेही सैल पडतो, मग सहा महिन्यांत पट्टा लोंबायला लागला की लोक म्हणतात वस्तूच फालतू.

आपल्याला विनंती एवढीच की यावर पुढचं पान कराल तेव्हा फोटो मॉडेलचे असू देत पण सोबत एखादा इन्सुलिन पंपवाला, एखादी कुबडी घेऊन चालणारी, एखादा दम्याचा मुलगा यांच्याशीही बोला, त्यांना कुठला पट्टा टिकला, कुठला काचला, कुठला एका हाताने लागला ते विचारा, आणि प्रत्येक पट्ट्याखाली रंगाच्या आधी हे तीन आकडे द्या.

कळावे,
आपली एक वाचक