सिनेमा तिसऱ्याच देशाचा लाव

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, ऑफिसातल्या चौघा जर्मनांना जेवायला बोलावलंय आणि नंतर सबटायटल असलेला एखादा मराठी सिनेमा लावायचा विचार आहे. बेत छान आहे. पिठलं-भाकरी कर, मसालेभात कर, काय हवं ते कर. पण सिनेमा आपला लावू नकोस, असं माझं स्पष्ट मत.

आपला लावलास की तू यजमान होणार. हळदीकुंकू कशाला, मामा एवढा मान का खातो, हे मध्ये मध्ये थांबवून सांगत बसणार, आणि ते शहाण्या पाहुण्यांसारखे माना डोलावणार. जर्मन लावलास तर समजावण्याची पाळी त्यांची, ऐकण्याची तुझी. त्यापेक्षा खोलीतल्या प्रत्येकालाच परका असेल असा लाव. कोणीच जाणकार नसलं की कोण कुठे हसतं आणि कुठे गप्प होतं, ते नीट दिसतं.

माझ्या मनात जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझूचा 'टोकियो स्टोरी' आहे. १९५३चा, कृष्णधवल, चांगला सव्वादोन तासांचा. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म अर्काइव्हमध्ये तो पहिल्यांदा पाहिला, तेव्हा जपान म्हटलं की मला अणुबॉम्ब आणि ट्रान्झिस्टर एवढंच आठवायचं. सुरुवातीलाच ओनोमिची नावाच्या समुद्रकाठच्या गावातलं एक म्हातारं जोडपं टोकियोतल्या मुलांकडे जायला बॅगा भरतंय. आजीला हवेची उशी सापडत नाही. आजोबा म्हणतात, तुझ्याकडेच दिली होती. ती म्हणते, इथे नाही. थोड्या वेळाने उशी आजोबांच्याच सामानात निघते आणि ते 'सापडली' म्हणून मोकळे! आमचं सगळं सभागृह खो खो हसलं. प्रत्येकीच्या घरी ती उशी होती.

कॅमेरा जवळजवळ हलतच नाही, आणि तो ठेवलाय जमिनीवर मांडी घालून बसलेल्याच्या नजरेच्या उंचीवर. त्यामुळे आपण त्या घरात वाकून डोकावत नाही, त्यांच्यातच बसलेलो असतो.

टोकियोत थोरला मुलगा डॉक्टर, मुलगी शिगे पार्लर चालवते. दोघांनाही वेळ नाही. जावई सासू-सासऱ्यांसाठी चांगले केक आणतो, तर शिगे म्हणते, एवढे महागाचे कशाला आणलेत! आणि त्यातलाच एक स्वतः तोंडात टाकते. पार्लरमधलं गिऱ्हाईक विचारतं, हे कोण? तर म्हणे, गावाकडचे ओळखीचे. मग भावंडं वर्गणी काढून दोघांना अतामीच्या गरम झऱ्यांवर पाठवून देतात. तिथे रात्रभर तरुण मंडळींचा दंगा, म्हाताऱ्यांच्या डोळ्याला डोळा नाही. (हा टोमणा नाही हं. आम्ही आलो की आम्हालाही कुठेतरी पाठव, बाबा तर आनंदाने जातील.)

आपल्याकडे याच गोष्टीवर सिनेमा निघाला की मुलं खलनायक, आईबाप संत, आणि शेवटी एक लांबलचक भाषण. ओझू त्या वाटेला जात नाही. शिगेला तो सरळ दुष्ट ठरवत नाही, आणि माझाही जीव तिच्यावरच जास्त आहे. आईबाप अतामीहून लवकर परततात, तर त्या रात्री तिच्या घरी पार्लरवाल्यांची बैठक ठरलेली. त्यांना ठेवायचं कुठे? पुढे आई अत्यवस्थ असल्याची तार येते. सुतकाचे कपडे बरोबर घ्यायचे का, हा विषय तीच काढते. ऐकताना कसंसंच होतं, पण कोणीतरी तो काढायलाच हवा होता. आई गेल्यावर सगळ्यात जास्त रडते ती शिगेच. आणि अंत्यविधीनंतरच्या जेवणात, आईचा अमुक किमोनो मला हवा, हेही तीच म्हणते. दिवस उरकायच्या आत साड्यांचं बोलणं निघालेलं मी आपल्याही नात्यात पाहिलंय. ते काढणारीचे डोळे सुजलेले होते.

म्हाताऱ्यांसाठी मनापासून रजा काढते ती सून, नोरिको. तिचा नवरा युद्धात गेला, त्यालाही आठ वर्षं झालेली. गंमत अशी की या पटकथेमागे एक अमेरिकन चित्रपट आहे, १९३७चा 'मेक वे फॉर टुमॉरो'. ओझूचा सहलेखक कोगो नोदा याने तो पाहिला होता. मधल्या काळात त्या दोन देशांनी एकमेकांचं काय केलं ते तुला ठाऊकच आहे, तरी म्हाताऱ्या आईबापांना ठेवायचं कुठे हा प्रश्न अमेरिकेतून जपानात आला आणि तातामीवर, म्हणजे तिथल्या घरातल्या चटईवर, येऊन बसला. ओझूचे सिनेमे फार जपानी, बाहेरच्यांना कळायचे नाहीत, असं तिथले लोक बरीच वर्षं धरून चालले होते. २०१२मध्ये 'साइट अँड साउंड' या सिनेमाविषयक ब्रिटिश मासिकाने जगभरातल्या दिग्दर्शकांचा कौल घेतला, त्यात हाच पहिला आला.

सगळं आपल्यासारखं आहे असंही समजू नकोस. निरोप घेताना कोणी गळ्यात पडत नाही, पाया पडत नाही. धाकटी मुलगी नोरिकोला विचारते, आयुष्य निराशाच करतं ना? ती हसून हो म्हणते. आपल्याकडे त्या जागी कोणीतरी समजूत काढली असती. मला ते हसणं अजून पुरतं उलगडलेलं नाही, तुमच्यात कोणाला उलगडलं तर सांग.

सिनेमा जेवणाआधी लाव, पोट भरल्यावर या गतीला सगळे पेंगतील. सुरुवातीला कोणी मोबाइल काढला तर लक्ष देऊ नकोस. आणि संपल्यावर प्रत्येकाला शिगेबद्दल विचार. बाबा म्हणतात, ती निव्वळ आपमतलबी आहे. यावरून आमचं कालच वाजलंय. मला तुझ्या त्या चौघांची मतं हवी आहेत, नावानिशी.

तुझी,
आई