वायरिंग उपटण्याआधी मीटर लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या गाड्यांवर सदर सुरू झालं आहे, त्याचा पहिला भाग वाचला. फोटो सुरेख आहेत. पण ‘चाळिशी ओलांडलेल्या गाडीत विजेची कटकट सुरू झाली की सगळं वायरिंग काढून नवं टाकणंच शहाणपणाचं’ या वाक्यावर अडले आणि हातातला चहा गार झाला. हेच वाक्य गेल्या जुलैमध्ये एका गॅरेजात मला ऐकवलं होतं. ऐकलं असतं तर अठरा हजार गेले असते आणि गाडी होती तशीच राहिली असती.

मी एकाहत्तर वर्षांची आहे. नोकरी टेलिफोनमध्ये झाली, त्यातली बरीच वर्षं ठाण्यात टेस्ट डेस्कवर, म्हणजे फोनच्या लाइनचे दोष जिथून तपासतात तिथे. आमच्याकडे १९७८ ची फिकट निळी प्रीमियर पद्मिनी मोटार आहे. ह्यांनी ती १९८४ साली सेकंडहँड घेतली. हे गेल्यावर ‘आता विकून टाका’ असं सांगायला बरेच जण येऊन गेले. मी त्यांना चहा दिला. गाडी मीच चालवते.

तर झालं असं. गडकरीला नाटक सुटलं, पाऊस भुरभुरत होता. चावी फिरवली तर नुसतं ‘टक्’. हेडलाइट समईच्या वातीएवढे झाले. तलावपाळीवरच्या भेळवाल्या पोरांनी ढकललं, दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याने बॅटरी बदलली. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी पुन्हा ‘टक्’. मग सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, उतरवला; त्याचे ब्रश आणि बुश नवे टाकले. ते चार दिवस टिकलं. एव्हाना सहा हजार सातशे झाले होते. आणि मग ते वाक्य: ‘मॅडम, जुनी गाडी आहे, पूर्ण वायरिंग करून घ्या. अठरा हजार. आठवडाभर गाडी सोडा.’

तिथल्या तिथे एक गोष्ट घडली म्हणून वाचले. त्यांच्यासमोरच दोन-तीनदा चावी मारून बघितली आणि चोक ओढायला हात घातला, तर चटका बसला. आता चोक म्हणजे थंड इंजिन सुरू करताना ओढायची, सायकलच्या ब्रेकसारखी साधी तार. तिच्यातून वीज जायचं काही कारणच नाही. मी म्हटलं, गाडी आज सोडत नाही. पुन्हा धक्का मारून घरी आले आणि वीजबिलाच्या पाठीमागे आकृती काढत बसले.

आमच्या कामात फॉल्ट तीनच प्रकारचे असायचे. तार तुटलेली, दोन तारा एकमेकींना चिकटलेल्या, किंवा तार जमिनीला भिडलेली. पहिला पाऊस पडला की जुन्या कागदी इन्शुलेशनच्या केबलमध्ये पाणी शिरायचं आणि ठाण्यातले निम्मे फोन मुके झालेत असं वाटायचं. तेव्हा कुणी ‘सगळी केबल उपटा’ म्हणत नसे. कुठल्या दोन जॉइंटांच्या मध्ये दोष आहे ते टेस्ट डेस्कवरून मोजायचं आणि माणूस नेमक्या त्या खड्ड्यात उतरवायचा.

गाडीत तर केबलसुद्धा अर्धीच असते. बॅटरीची प्लस बाजू तारांनी फिरते, परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्राच. वायरमन लोक त्याला ‘बॉडी’ म्हणतात. इंजिन मात्र रबरावर बसवलेलं असतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते बॉडीपासून सुटंच. त्या दोघांना जोडायला तांब्याची विणलेली चपटी पट्टी असते. सेल्फ फिरताना शंभर-दीडशे अँपिअर घेतो, ते सगळे त्या पट्टीतून परत यायचे. पट्टी वाट देईना झाली की करंट दुसरी वाट शोधतो. हवा-पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर इंजिनावर, चोकचं बटण डॅशबोर्डवर, आणि दोघांच्या मध्ये ती तार. चटका तिथून आला होता.

शेजारचा इंजिनीअरिंगला असलेला मुलगा चावी मारायला बसवला. गाडी चालूच होऊ नये म्हणून ठिणगीची वीज नेणारी, कॉइलपासून डिस्ट्रिब्युटरमध्ये जाणारी जाड वायर काढून बॉडीला टेकवून ठेवली. मीटर, म्हणजे मल्टीमीटर, वीस व्होल्टवर. नुसती उभी असताना बॅटरी १२.६, म्हणजे भरलेली. चावी मारल्यावर १०.६, हेही ठीक. आता मीटरची एक सळई बॅटरीच्या मायनसच्या खांबावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर. चावी मारली, ३.१ व्होल्ट. ही दोन टोकं एकच असायला हवीत हो! तिथे शून्याच्या आसपास, फार तर अर्धा व्होल्ट दिसावा. प्लसच्या बाजूला, खांबापासून सेल्फच्या बोल्टपर्यंत, फक्त ०.३. म्हणजे सेल्फच्या वाट्याला उरले सात. बिचारा काय फिरणार?

पट्टी सोडवली. तीन वर्षांपूर्वी डेंटिंग-पेंटिंग केलं तेव्हा कुणीतरी इंजिनखालच्या पत्र्याला रंग मारून, रंग वाळल्यावर त्यावरच पट्टी कसली होती. बोल्टच्या दोन आट्यांवरून काय करंट जाईल तेवढा. वर हिरवा कळक चढलेला, निम्मे धागे तुटलेले. स्टेशनजवळच्या दुकानात नवी पट्टी दीडशे रुपयांना मिळाली. पत्रा पॉलिश पेपरने नाण्यासारखा चकचकीत होईपर्यंत घासला, पट्टी कसली आणि मग वरून व्हॅसलिन फासलं. आधी फासायचं नाही. पुन्हा मोजलं तर ०.१५. सेल्फ असा फिरला की तो मुलगा दचकला.

गॅरेजवाल्याला मी चोर म्हणत नाही. त्याच्या पोऱ्याने ती पट्टी तपासली होती, माझ्यासमोर. मीटर बीपवर ठेवला (तार सलग असली की वाजतो तो), दोन्ही टोकांना सळया लावल्या, बीप वाजली, ‘अर्थिंग ओके’. चूक इथे झाली. ३.१ व्होल्ट भागिले दीडशे अँपिअर म्हणजे ओहमचा पन्नासावा भाग. साध्या मीटरला तो शून्यच दिसतो आणि बीपला तर त्याचा पत्ताच लागत नाही. एका धाग्याने लटकलेली वायरसुद्धा बीप देते. जोपर्यंत तिच्यावर भार टाकून, करंट वाहत असताना दोन टोकांमधले व्होल्ट मोजत नाही तोवर ती चांगली की वाईट हे कळतच नाही. बॅटरी नवी घातल्यावर दोन दिवस बरं वाटलं त्याचंही कारण हेच. बॅटरी बदलताना तारा हलल्या, बोल्ट जरासा घासला गेला, तेवढ्यापुरतं निभावलं. आमच्याकडे अशा जॉइंटला ड्राय जॉइंट म्हणत. ग्राहक म्हणायचा फोन खरखरतो, आणि टेस्टला बसलं की लाइन साफ.

दुसरा किस्सा थोडक्यात. ऑगस्टमध्ये ब्रेक दाबला की मागचा उजवा इंडिकेटर मिणमिणायचा. ‘वायरी आतून चिकटल्यात’, असं दोघांनी सांगितलं. चिकटलं काहीच नव्हतं. दिव्याची लोखंडी बैठक ज्या एका स्क्रूने बॉडीला लागते तो गंजला होता, म्हणून ब्रेकच्या दिव्याचा करंट शेजारच्या इंडिकेटरच्या फिलामेंटमधून परत जायचा. खाडीची हवा आणि चार महिने पाऊस, ठाण्यात दुसरं काय होणार? स्क्रू बदलला, साडेतीन रुपये.

वायरिंग कधीच बदलू नये असं नाही. इन्शुलेशन बोटाने दाबल्यावर पापडासारखं तडकत असेल तर ती तार काढायलाच हवी. पण गाड्या पेटतात त्या बहुतेक वेळा म्हाताऱ्या तारांमुळे नाही, आपल्या हौसेमुळे. माझ्या गाडीचे मूळ बल्ब ४५ वॅटचे. दोन बल्ब, ९० वॅट, बारा व्होल्टला साडेसात अँपिअर. ह्यांनी एकदा हौसेने शंभर वॅटचे हॅलोजन टाकले. झाले जवळजवळ सतरा अँपिअर, त्याच तारेतून, त्याच स्विचमधून, मध्ये रिले, म्हणजे मोठा करंट परस्पर वळवून स्विचवरचा भार वाचवणारी डबी, नाही. घोडबंदर रोडला एका रात्री स्विचमधून प्लास्टिक जळल्याचा वास आला आणि दिवे गेले. फ्यूज का उडाला नाही? तर त्यावर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली! ह्यांच्याशी त्यावर दोन दिवस अबोला होता. या गाडीचे फ्यूज म्हणजे चिनी मातीची छोटी कांडी आणि त्यावर उघडी पट्टी. पांढरा आठ अँपिअरचा, लाल सोळाचा. टोकांवर काळसर थर चढला की फ्यूज शाबूत असूनही वायपर बंद पडतो. तेव्हा तो बोटाने जागच्या जागी दोन वेळा फिरवून बघावा. चांदी नको. आणि आपल्या बातमीदारांनाही सांगा, रस्त्यावर गाडी पेटली की दरवेळी ‘शॉर्टसर्किटमुळे’ असं डोळे झाकून छापू नका. शॉर्टसर्किट झालं असलं तरी फ्यूज काय करत होता, हे विचारायला नको का?

हे सगळं पूर्वी लिहावं लागलं नसतं. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डी निघायला लागली, पुढे तिचीच पद्मिनी झाली, आणि हजारो काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे नाक्यानाक्यावर तिचा वायरमन असायचा. राबोडीतले एक चाचा नुसत्या टेस्ट लॅम्पवर, म्हणजे दोन वायरी लावलेल्या बल्बवर, दहा मिनिटांत दोष काढायचे. बल्ब लावला की थोडाफार भार पडतोच, त्यामुळे बीपला न दिसणारे कितीतरी दोष त्यांना दिसायचे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली. तिची वीस वर्षं भरली आणि ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या टॅक्सींतून पद्मिनी संपली. चाचांनी दुकान त्याआधीच बंद केलं होतं. आता ज्यांच्याकडे जावं ती मुलं हुशार आहेत, पण गाडीला कॉम्प्युटर जोडून कोड वाचायची त्यांना सवय. पद्मिनीला कॉम्प्युटर जोडायला जागाच नाही. म्हणून तर आपल्या सदराकडून अपेक्षा.

पुढच्या भागात डायनॅमोवर, म्हणजे गाडी चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्रावर, लिहिणार असल्याचं तळटिपेत म्हटलं आहे. त्याआधी एक विनंती. ‘गाडी चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढा, गाडी चालू राहिली तर चार्जिंग ठीक’ ही जुनी युक्ती कृपा करून छापू नका. बॅटरी हा त्या सगळ्या यंत्रणेचा धक्का खाणारा भाग आहे. ती काढली की व्होल्ट उसळतात. ज्यांनी डायनॅमो काढून त्याच कामाचा नव्या पद्धतीचा अल्टरनेटर बसवलाय त्यांचे डायोड, म्हणजे त्यातले वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, जागीच जातात, आणि मग लोक पुन्हा ‘जुनं वायरिंग’ म्हणून कपाळाला हात लावतात. मीटर बॅटरीच्या दोन खांबांवर ठेवावा आणि ॲक्सिलरेटर थोडा दाबावा. साडेतेरा ते साडेचौदाच्या मध्ये दिसलं की चार्जिंग होतंय. डायनॅमोच्या गाडीत आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा किंचित लुकलुकतो, त्याला घाबरून कुणी गॅरेज गाठू नये, एवढंही एक वाक्य घाला.

आपली,
एक निवृत्त टेलिफोन कर्मचारी,
चरई, ठाणे (प.)