बंड्यास पत्र

नगर, ईस्टरच्या आदला शनिवार

प्रिय बंड्या,

फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून पत्र. हसू नकोस, पण यंदाच्या उपवासकाळात मी अभंग लिहायला घेतले. चाळीस दिवसांत अकरा झाले. त्यातले दहा फाडले.

अभंगाचा साचा फसवा असतो रे. सहा-सहा-सहा-चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. लहानपणापासून 'उपासना संगीत', आपलं चर्चचं गीतांचं पुस्तक, कानावर पडलेलं, त्यामुळे 'करुणा' लिहिलं की 'शरणा' आपल्या पायांनी चालत येतं. हात भराभर चालतो आणि जीव कुठेच अडत नाही. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं वेगळं होतं. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि घर उभं फाटलं, बायको लक्ष्मीबाई कित्येक वर्षं दुरावल्या. तुकोबाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, हे म्हणायचा त्यांना हक्क होता. त्याच्याही आधी ते फादर स्टीफन्स. इंग्लंडातला माणूस 1579 मध्ये गोव्यात उतरतो काय, आपली भाषा शिकतो काय, आणि 1616 मध्ये ओव्यांचं अख्खं ख्रिस्तपुराण छापतो काय! मी मात्र पाळण्यातच पुलापलीकडे होतो. काही ओलांडावंच लागलं नाही.

मग परवा रात्री आजीचं बायबल काढलं. तेच, ज्याच्या पुठ्ठ्याला तिने लुगड्याचा काठ शिवलाय. लूकचा बाविसावा अध्याय. येशूचा शिष्य पेत्र परक्यांच्या शेकोटीशी बसतो, तीनदा 'मी त्याला ओळखत नाही' म्हणतो, कोंबडा आरवतो. हे सगळं तोंडपाठ. पण पुढचं वाक्य कधी नीट वाचलंच नव्हतं: प्रभूने वळून पेत्राकडे पाहिलं. बोलला काहीच नाही.

आणि मला तू आठवलास.

पुण्यातली ती खोली आठवते? मालकीणबाईंनी विचारलं, "देव्हारा कुठे मांडणार?" आमच्या आडनावावरून काही कळत नाही, ते बरंच झालं असं मला त्या क्षणी वाटलं. "ह्या कोपऱ्यात मांडू की, मावशी," म्हणालो मी. पटकन, अगदी गोड आवाजात. तू बॅग धरून दारात उभा होतास. माझ्याकडे पाहिलंस आणि खाली वाकून चपला नीट लावायला लागलास. आजीने दिलेला लाकडी क्रूस पुढचे चार महिने सुटकेसमध्ये स्वेटरखाली पडून होता. आपण यावर एकदाही बोललो नाही. (पेत्र तीनदा नाकारतो, मी एकदाच. तेवढं माझ्या बाजूने धर.)

त्या रात्री जे उतरलं ते असं:

शेकोटीच्या पाशी । हात शेकी पेत्र ।
भरले ना नेत्र । अजूनही ॥

तीनदा बोलला । "ओळखीचा नाही" ।
आणि दिशा दाही । उजळल्या ॥

कोंबडा आरवे । प्रभु पाहे मागे ।
काळजाला लागे । तीच दृष्टी ॥

'नेत्र' जरा पुस्तकी आहे, मला माहितेय. पण पेत्राला दुसरं यमक शोधून दाखव.

शेवटचं कडवं झालेलं नाही. तिथे नाममुद्रा लागते ना, 'अमका म्हणे'. तुमच्या घरी एकादशीच्या भजनात 'तुका म्हणे' आलं की काका टाळ दाबून धरायचे आणि सगळे गप्प व्हायचे. तिथे मी 'सुन्या म्हणे' लिहून पाहिलं आणि खोडलं. ज्याने 'देव्हारा मांडू' म्हटलं, त्याने आता पेत्राबद्दल काय म्हणावं? काल गुड फ्रायडेच्या दुपारी चर्चमध्ये येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार चालू होते, पाळकबाबा चौथ्यावर आले, आणि मी मात्र खिशातल्या कागदावर अक्षरं मोजत बसलो होतो. सहा, सहा, सहा. पुढची चार येईनात.

काकांना विचारशील का, ह्याला कोणती चाल बसेल? कडवं अपुरं आहे हे आधीच सांग, नाहीतर म्हणता म्हणता अडतील. आणि पुढच्या रविवारी येच. क्रूस आता बाहेरच्या खोलीत आहे, दारातून शिरल्या शिरल्या दिसतो.

तुझा,
सुन्या