विषय: घरी बांधायच्या विमान किटमधली फ्यूजलाजची (धडाची) डावी साइड स्किन, म्हणजे बाजूचा पत्रा (तिसरं पत्र)

व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग, पुणे कार्यालय यांस,

आज सकाळी तुमच्या माणसाशी बोलून फोन ठेवला आणि लगेच हे लिहायला बसलो. फोन 34 मिनिटं चालला, त्यातली 19 मिनिटं मी सनई ऐकली. वाजवणारा चांगला होता.

आधीची दोन पत्रं कोणी वाचलेली दिसत नाहीत, म्हणून पुन्हा लिहितो. डाव्या साइड स्किनवर खालच्या लाँजेरॉनसाठी (धडाच्या लांबीभर जाणाऱ्या पट्टीसाठी) पाडलेली भोकांची ओळ बाराव्या भोकापर्यंत सरळ आहे. तिथून शेपटाकडे जाताना ती खाली घसरत जाते. शेवटच्या भोकाचा मध्य लाँजेरॉनच्या कडेपासून 4.5 मिमीवर पडतो. रिवेट 1/8 इंची, म्हणजे 3.2 मिमीचा. कडेपासून निदान त्याच्या दुप्पट, 6.4 मिमी जागा लागते. हे मी तुम्हाला सांगायला नको, तुमच्याच मॅन्युअलमध्ये चौकट करून छापलंय. एफ-7 बल्कहेड, म्हणजे धडातली आडवी चौकट, तर या स्किनशी कुठेच जुळत नाही. क्लेको (पत्रे तात्पुरते धरणाऱ्या पिना) लावून ओढूनताणून बसवलं, ओळंबा सोडला, तर शेपटाचा खांब 9 मिमी कललेला. उजवी बाजू मात्र पहिल्या झटक्यात बसली होती.

'जिगची गरज नाही, भोकंच जिगचं काम करतात' ही तुमची जाहिरात (जिग म्हणजे भाग सरळ धरणारा साचा) वाचून मी 11 लाख 40 हजार रुपये भरले, कस्टम ड्यूटी वेगळी. मग भोकं तिरकी असतील तर विमान कशाच्या आधारावर सरळ होणार?

पहिल्या तक्रारीनंतर सात आठवड्यांनी बदली माल आला. ऐन जुलैत, पत्रादेवीवरून भिजत पेडण्यात उतरलेलं खोकं. उघडलं तर आत उजवी स्किन. खोक्यावर मात्र 'डावी' लिहिलेलं, स्वच्छ अक्षरात. सोबत चुकून (की प्रेमाने?) 200 चंदेरी क्लेको. 1/8 च्या भोकाला तांबूस क्लेको लागतो, चंदेरी त्यात नुसता खुळखुळतो. असो, ते छोटं झालं. पत्र्यावरच्या निळ्या संरक्षक फिल्मखाली ओल शिरून अॅल्युमिनियमवर पांढरी पूड धरली होती, तेही छोटंच म्हणू. इकडच्या पावसात फिल्म ठेवली तर पत्रा खराब होतो आणि काढली तर ओरखडे पडतात, यावर तुमच्या मॅन्युअलात अवाक्षर नाही. पण उजवी? माझ्याकडे आता दोन उजव्या स्किन आहेत. विमानाला दोन उजव्या बाजू नसतात.

चवथीला पाहुणे आले. माटोळी (गणपतीवरची फळापानांची आरास) बांधायला आणि माणसं बसायला जागा हवी, म्हणून अर्धवट फ्यूजलाज मागच्या पडवीत ढकलावं लागलं. धाकट्या मेव्हण्याने विचारलं, "भावोजी, पुढच्या वर्षी गणपती यातूनच आणायचा ना?" सगळे हसले. मीही हसलो. वरून मोपाला उतरणारं विमान गेलं, तेव्हा मात्र हसू आलं नाही.

आता आजच्या फोनबद्दल. हा भाग कृपया पूर्ण वाचावा.

तुमच्या माणसाने विचारलं, "सर, फरक किती आहे?" मी म्हटलं, दोन मिमीच्या आसपास. "फक्त दोन? सर, पेंट मारल्यावर दिसणार पण नाही."

मी म्हटलं, दिसण्याचा प्रश्न नाही, भोक कडेला आलं तर भाराखाली कड फाटते. त्यावर तो म्हणाला, "मग मोठा रिवेट टाका ना, 5/32 चा." मोठ्या रिवेटला कडेपासून जागाही मोठी लागते, 8 मिमी. माझ्याकडे 4.5 आहे. म्हणजे चप्पल लागते म्हणून पाय वाढवायचा. हे मी शांतपणे, दोनदा सांगितलं. पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग प्रश्न आला, "सर, तुम्ही याआधी कधी ड्रिल मशीन हातात घेतलंय का?"

साहेब, मी 22 वर्षं नौदलात एअरफ्रेमचं काम केलं. त्यातली बरीच दाबोळीला, आयएनएस हंसा तळावर, सी हॅरियर लढाऊ विमानांच्या पत्र्यांवर. हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, "ओके सर, मग तर तुम्हाला जमेल. नाहीतर गोव्यात बोटीवाले असतात ना, त्यांना दाखवा." बोटीवाल्यांचा यात काय दोष? दोन मिमी चुकलं तर तेही पुन्हा करतात. फोन ठेवताना वर हसून म्हणाला, "तसंही सर, घरी विमान कोण बांधतं?"

विमानाचं किट विकणाऱ्या कंपनीचा माणूस हे विचारतो! अमोल यादवांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, 2016 साली मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलं. त्याला ठाऊक नसेल. पण मग पगार कशाचा घेतो?

त्याच्या नोकरीवर उठायचं नाही मला. त्याच्यासमोर रिवेटचा तक्ता न ठेवता त्याला फोनवर बसवलं कोणी, ते शोधा.

मला हवं ते एवढंच: वेगळ्या लॉटमधली डावी स्किन आणि एफ-7, 21 दिवसांच्या आत. आणि ही ओळ का घसरली याचं लेखी उत्तर, विक्रीवाल्याचं नाही, इंजिनियरचं, सहीसकट. फोटो पुन्हा मागू नयेत, तेच फोटो चार वेळा पाठवून झाले. 21 दिवसांत काही झालं नाही तर उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करीन. 2019 च्या कायद्याप्रमाणे ती मला राहत्या जिल्ह्यात करता येते. पुण्याहून तारखांना तुम्हाला यावं लागेल, अनमोड घाट उतरून, पावसात.

तुमचा कॅटलॉग तीन वर्षं माझ्या उशाशी होता. पत्नीने परवा तो रद्दीत टाकला. मी काढून आणला नाही.

दुसरी उजवी स्किन पुन्हा पॅक करून ठेवली आहे. न्यायला जो येईल त्याने येताना डावी आणावी. आणि खोकं माझ्यासमोर उघडावं.

आपला ग्राहक,
पेडणे, गोवा