आता सोडून काय उपयोग?

ती. आई-बाबांना शि. सा. न.

फोनवर बिडी सोडण्याचा विषय निघाला की बाबा लगेच ‘रेंज नाही’ म्हणतात, म्हणून लिहितेय. आई, हे त्यांना वाचून दाखव.

बाबा, ‘चाळीस वर्षं ओढली, आता सोडून काय उपयोग?’ हे तुमचं ठरलेलं. ब्रिटनमध्ये १९५१ पासून पन्नास वर्षं तिथल्या डॉक्टरांच्याच सिगारेट ओढण्याची नोंद ठेवली. तिशीत सिगारेट सोडणाऱ्यांचं आयुष्य न सोडणाऱ्यांपेक्षा सरासरी १० वर्षांनी वाढलं, साठीत सोडणाऱ्यांचंही ३ वर्षांनी. तुम्ही त्या साठीतच आहात. आणि बिडी म्हणजे नुसतं पान नव्हे. ती विझू नये म्हणून झुरके जोरात मारावे लागतात, धूर उलट जास्तच आत जातो.

फुफ्फुसाचं गेलं ते गेलं, खोटं कशाला सांगू? पण पुढची झीज मंदावते. हृदयविकाराचा वाढलेला धोका वर्षभरात निम्म्यावर येतो. हर्नियाच्या ऑपरेशनआधी महिनाभर तरी बंद करा असं सर्जन म्हणाले, ते उगाच नाही. ओढणाऱ्यांची जखम उशिरा भरते, आणि खोकल्याचा प्रत्येक ठसका टाक्यांवर ताण देतो.

सुरुवातीला खोकला वाढल्यासारखा वाटेल. श्वासनळीतले कफ बाहेर ढकलणारे बारीक केस पुन्हा कामाला लागतात, त्याचा तो खोकला. तेव्हा ‘बघ, सोडली आणि त्रास सुरू झाला’ म्हणायचं नाही. सकाळी बिडीशिवाय पोट साफ होत नाही, ही तुमची खरी अडचण मला माहीत आहे. थोडे दिवस बद्धकोष्ठता होते. रात्री इसबगोल घ्या. तलफ आली तर पाच-दहा मिनिटं ओट्याजवळ आईशी भांडा, तेवढ्यात जाते. पहिले तीन-चार दिवसच फार जड.

डॉक्टरांना विचारून निकोटिनची गोळी आणतेय, च्युइंगमसारखी असते. पण ती कचाकचा चावायची नाही. थोडी चावून गालात धरायची, पुन्हा थोडी चावायची. आणि चहाबरोबर नको, चहाने तिचा गुण लागत नाही. सरकारचा मोफत फोनही आहे, १८००-११२-३५६. माझं ऐकायचं नसेल तर त्यांचं ऐका.

आई, तू गालात हसू नकोस. मिश्रीसुद्धा तंबाखूच आहे. फडताळातला तो डबा मला माहीत आहे, शनिवारी आले की तुझाही विषय काढणार आहे.

तुमची,
ताई