मिस्त्रीकाकांना, जुन्या गाड्यांच्या मालकांकडून

आदरणीय मिस्त्रीकाका,
सादर नमस्कार.

प्रीमियर पद्मिनी गाडी बंद होऊन दोन दशकं उलटली, अँबॅसिडर २०१४ मध्ये थांबली. इंजिनाचं सामान अजून कुठं ना कुठं मिळतं. काच खाली-वर करायच्या हँडलची मूठ, डॅशबोर्डवरची बटणं, मीटरची कड, टेललाइटची लाल काच यांच्यासाठी मात्र भंगारबाजार पालथा घालावा लागतो. वाळूजच्या कारखान्यांत आयुष्यभर साचे केलेल्या तुम्ही, सिलिकॉन रबराच्या साच्यात रेझिन (दोन द्रव मिसळले की जमून कडक होणारं प्लॅस्टिक) ओतून हे भाग घरच्या टेबलावर कसे बनवायचे ते हातचं काही न राखता शिकवलंत, त्यासाठी हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण तुमचं शिकवणं जालना, बीड, लातूरपर्यंत ज्यांच्या दारात जुनी गाडी आहे त्या सगळ्यांच्या कामाचं आहे.

सगळ्यात जास्त आभार कारणं सांगितल्याबद्दल. कृती कुठंही मिळते. फसलेला भाग हातात घेऊन तो का फसला हे सांगणारा माणूस मिळत नाही. बुडबुडा मोठा, गोल आणि वरच्या अंगाला असेल तर हवा अडकली, म्हणजे साच्यात हवा निघायची वाट कमी पडली. भागभर बारीक फेस आणि भाग फुगलेला असेल तर ओल. आपण वापरतो त्या पॉलियुरेथेन रेझिनमधला आयसोसायनेट हा घटक पाण्याशी भिडला की कार्बन डायऑक्साइड सुटतो, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा कागदी कप आणि लाकडी काडी का नको ते कळलं: दोन्हींत ओल असते. प्लॅस्टिकचा कप, स्टीलची पट्टी. आणि भाग कडक झाला तरी एखादा चट्टा चिकटच राहिला, तर कपाच्या कडेचं न मिसळलेलं रेझिन साच्यात गेलंय. म्हणून ढवळून झालं की दुसऱ्या कपात ओतून पुन्हा ढवळायचं.

आपल्या हवेचा हिशोब तर कुठल्याच डब्यावर नसतो. तापमान १० अंशांनी वाढलं की रेझिन जवळपास दुप्पट वेगानं जमतं. मिसळल्यावर ओतायला २५ अंशांना ४ मिनिटं हाताशी असतील तर मे महिन्यातल्या ४० अंशांना जेमतेम दीड मिनिट उरतं. त्यावर तुमचा उपाय: डबे रात्रभर शहाबादी फरशीवर ठेवायचे आणि सकाळी लवकर ओतायचं. फ्रीज नको, कारण गार डबा उघडला की आत दव धरतं. पावसाळ्यात शक्यतो काम बंद. करायचंच तर डबा वापरून लगेच घट्ट बंद करायचा आणि ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत ठेवायचा.

साच्याबद्दल तुम्ही फार कडक होतात, ते बरंच झालं. मूळ भागावरचा प्रत्येक ओरखडा सिलिकॉन उचलतं, त्यामुळं तडे भरून, घासून, चकाकी किंवा मॅटपणा हवा तसा आणूनच पुढं जायचं. साचा दोन अर्धांत करायचा, म्हणून भाग निम्मा मातीत दाबायचा आणि पार्टिंग लाइन, म्हणजे दोन अर्ध्यांच्या जोडाची रेघ, नजर जाणार नाही अशा कडेवरून न्यायची. सिलिकॉन दोन जातींचं, प्लॅटिनम आणि टिन. प्लॅटिनम सिलिकॉन वापरताना माती गंधक असलेली नको आणि हातमोजे लॅटेक्सचे नकोत, नाहीतर भागाला लागलेला थर जमतच नाही. टिन सिलिकॉनला हा त्रास नाही, पण डब्यावर १०० ग्रॅमला ३ ग्रॅम हार्डनर (जमवणारं द्रव्य) लिहिलं असेल तर ३ ग्रॅमच. घाईनं ५ घातले की रबर लवकर जमतं आणि साचा लवकर फाटतो. किती सिलिकॉन लागेल? माती दाबलेल्या, भाग ठेवलेल्या पेटीत वरपर्यंत ज्वारी भरा, ती मापात ओता. ४०० मिली भरली तर घनता १.१ धरून ४४० ग्रॅम. आणि दुसरा अर्धा ओतण्याआधी पहिल्यावर व्हॅसलीनचा पातळ हात. सिलिकॉन दुसऱ्या कशाला सहसा चिकटत नाही, स्वतःला मात्र घट्ट चिकटतं.

मुठीत पितळी बुश (भोकाला आतून बसणारी छोटी नळी) बसवायची तुमची पद्धत आम्ही जशीच्या तशी उचलली: बुश बाहेरून खरबरीत करायचा, अॅसिटोननं पुसायचा, साच्यातल्या खुंटीवर बसवायचा आणि मग ओतायचं. गुळगुळीत बुश पहिल्या जोरातच गरगर फिरतो. ओतताना एकाच कोपऱ्यातून, बारीक धारेनं. प्रेशर पॉट (हवेच्या दाबानं बुडबुडे बारीक करणारं बंद भांडं) असेल तर त्यात ४० ते ६० पीएसआय दाब, तेही रेझिन पूर्ण जमेपर्यंत. मात्र त्या दाबासाठी बनवलेलंच भांडं हवं. स्वयंपाकाच्या कुकरला हात लावायचा नाही, यावर तुम्ही आवाज चढवलात तो योग्यच होता. तसाच सेंद्रिय वाफा गाळणारा मास्क आणि उघड्या खिडक्यांचा आग्रह. आयसोसायनेटची दम्यासारखी अॅलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही.

उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या वर जातो. साधं रेझिन तिथं वाकतं. म्हणून जास्त ताप सोसणारं रेझिन घ्यायचं आणि भाग साच्यातच ठेवून डब्यावर सांगितलेल्या तापमानाला काही तास शेकायचा, हा सल्ला मराठवाड्यात तरी सोन्याचा आहे.

टेललाइटच्या काचेवर अजून काम चालू आहे. उन्हात पिवळं न पडणारं पारदर्शक रेझिन आणि प्लॅटिनम सिलिकॉनचा साचा, इथवर तुमच्या सांगण्यानुसार आलोय. २१ वॅटच्या बल्बऐवजी लाल एलईडी लावला की उष्णतेचा प्रश्नही सुटतो. मागच्या बारीक त्रिकोणी खाचांत बुडबुडा राहिला की तेवढी जागा प्रकाश परतवत नाही, म्हणून आधी खाचांत ब्रशनं रेझिन भरतोय. हे बरोबर आहे का, ते एकदा येऊन बघाल का?

मूळ भाग आम्ही आता जपून ठेवतो. नकलेवरून साचा केला तर आकुंचन दुप्पट होतं, ही तुमची ताकीद लक्षात आहे. ज्यांना साचा करायचाय त्यांनी मूळ भाग आमच्याकडून न्यावा आणि परत आणून द्यावा.

आपले कृतज्ञ,
छत्रपती संभाजीनगर परिसरातले जुन्या गाड्यांचे मालक